टाळ्यांसकट ऐकावयाचे गाणे

जेम्स ब्राऊन या अमेरिकी गायकाच्या १९६२ सालच्या जलशाचे ध्वनिमुद्रण माझ्या भाच्याने मला प्रथम ऐकवले, तेव्हा पाच मिनिटांतच मी त्याला, "अरे, या आरडाओरड्यात गाणे कोठे आहे?" असे विचारले होते. "मामा, गाणं नंतर ऐका. आधी माणसं ऐका," असे तो म्हणाला. ते उत्तर मला तेव्हा उद्धटपणाचे वाटले. अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात वाढलेल्या आमच्या पिढीची अशी समजूत की, गवयाने श्रोत्यांकडे पाहून गाऊ नये आणि श्रोत्यांनीही मान डोलावण्यापलीकडे फारसे काही करू नये. ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे मी आजही म्हणणार नाही. परंतु तिच्यामुळे एका मोठ्या कलावंताचे दार माझ्यापुरते दीर्घकाळ बंद राहिले. आणखीही एक नुकसान झाले. ते ओघाने येईलच.

ब्राऊनचा जन्म १९३३ सालचा, दक्षिण कॅरोलायना राज्यातील बार्नवेलचा. बालपण शेजारच्या जॉर्जिया राज्यात, ऑगस्टा शहरी, कमालीच्या दारिद्र्यात गेले. सोळाव्या वर्षी चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगवास, १९५२ मध्ये सुटका आणि १९५६ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका, असा त्याचा आरंभ. त्याच्या तबकड्या खपत होत्या. पण त्याच्या लोकांचे म्हणणे असे की, तबकडी म्हणजे नुसती जाहिरात, खरा ब्राऊन पाहायचा तो रंगमंचावर. ध्वनिमुद्रण कंपनीचे मालक सिड नेथन यांना हे पटत नव्हते. ज्या गाण्यांच्या तबकड्या लोकांनी एकदा विकत घेतल्या आहेत, तीच गाणी टाळ्या-शिट्ट्यांसह पुन्हा कोण विकत घेईल, असा त्यांचा हिशेब. कागदावर तो बिनचूक होता. ब्राऊनने मग स्वतःचे ५,७०० डॉलर खर्चून जलसा मुद्रित करण्याचे ठरविले.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील १२५ व्या रस्त्यावरचे अपोलो थिएटर हे ते स्थळ आणि २४ ऑक्टोबर १९६२, बुधवार, ही ती तारीख. क्युबाभोवतीची अमेरिकी नाकेबंदी त्याच दिवशी अमलात आली होती आणि अणुयुद्ध होते की काय, या चिंतेत जग होते. (आपल्याकडील वडीलधाऱ्यांना तो आठवडा चीनच्या आक्रमणामुळे आठवत असेल.) अपोलोचा श्रोता दयाळूपणासाठी प्रसिद्ध नव्हता, हौशी कलावंतांच्या रात्री न आवडणाऱ्यास तो ओरडून खाली उतरवीत असे. तेव्हा त्या रात्री जे कौतुक ऐकू येते, ते फुकट मिळालेले नाही हे लक्षात घ्यावे.

पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, 'लाइव्ह ॲट द अपोलो' ही तबकडी बाहेर पडली आणि नेथन यांचा हिशेब साफ चुकला. विक्रीच्या राष्ट्रीय यादीत ती दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि ६६ आठवडे त्या यादीत राहिली. कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवरील निवेदक एखादे गाणे निवडून न लावता तिची एक संपूर्ण बाजू लावीत, जाहिराती त्यानंतर. कारण उघड आहे. ती सुट्या गाण्यांची माळ नाही. सुमारे अर्ध्या तासाची, न तुटणारी एकच घडण आहे.

तिच्यातील 'लॉस्ट समवन' हे विरहगीत दहा मिनिटांहून अधिक काळ चालते. एरवी तीन मिनिटांत संपावे असे गाणे. वाद्यवृंद एक लहानसा स्वरवाक्यांश धरून बसतो आणि ब्राऊन त्यावर जवळजवळ बोलू लागतो. आवाज खाली आणतो, इतका की सभागृह कान टवकारते. मग एक शब्द टाकतो आणि थांबतो. त्या रिकाम्या जागेत एका स्त्रीची किंकाळी येते. तिच्या पाठोपाठ दुसऱ्या कोपऱ्यातून आणखी कोणी. तो त्या हाकेला पुढच्या ओळीने उत्तर देतो. एके ठिकाणी कोणाच्या तरी अतिरेकी किंचाळण्यावर सारे प्रेक्षागृह हसते, आणि ते हसू ओसरण्याच्या आतच तो सर्वांना पुन्हा त्या दुःखात ओढून नेतो. पाचव्यांदा ऐकताना माझ्या ध्यानात आले की, मी ज्याला आरडाओरडा म्हणत होतो त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तो कुठेही पडत नाही. गायकाने मोकळी सोडलेली जागा श्रोते भरतात, आणि ती भरल्यावाचून गाण्याची ओळ पुरी होत नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये धर्मोपदेशकाच्या प्रत्येक वाक्याला मंडळी हुंकार देतात. ब्राऊनच्या श्रोत्यांचे कान तेथेच घडलेले होते. मूळ तबकडीत हे गीत दोन बाजूंत तोडावे लागले होते. ऐन रंगात आवाज विरून जाई. उठून तबकडी उलटावी, तेव्हा पुन्हा ती मंडळी भेटत.

श्रोत्यांच्या आवाजाला बाजारात किंमत आहे हे एकदा कळल्यावर व्यापारी काय करणार? स्टुडिओत मुद्रित केलेल्या गाण्यांवर टाळ्या आणि आरोळ्या वरून चिकटवून ती जलशातील म्हणून खपविण्याचे प्रकार ब्राऊनच्याच तबकड्यांत झाले. १९७० सालच्या 'सेक्स मशीन' या जोडतबकडीतील पहिल्या तबकडीवर असा जोडलेला जमाव आहे. दुसरीवरील जलसा मात्र त्याच्या ऑगस्टा गावचा, खरा. वाचकांपैकी कोणास कुतूहल असेल तर दोन्ही तबकड्या लागोपाठ ऐकून पाहाव्यात. चिकटविलेल्या टाळ्या सतत वाजतात, गायकाने काही केले तरी आणि न केले तरी. त्यांना ऐकू येत नाही. अपोलोतील माणसांना ऐकू येत होते. चाहत्यांच्या कौतुकाचे मोल त्याच्या आवाजात नसून त्याच्या कानात असते, हे या फसवणुकीमुळे मला जितके स्पष्ट कळले तितके कोणत्याही स्तुतिपर लेखाने कळले नव्हते.

कंपनीने नसलेल्या टाळ्या जोडल्या. मी असलेल्या पुसल्या. १९८४ साली आमच्या रामबागेतील घरी ग्वाल्हेर घराण्याच्या एका वयोवृद्ध गवयांची बैठक झाली होती आणि ती मी कॅसेटवर उतरवून घेतली होती. पुढे तिची प्रत करताना बंदिशींमधले बोलणे, टाळ्या, खोकला हे सर्व मी कटाक्षाने गाळले. दाद गाण्यावर चढत होती तेथे आवाजाचे बटण खाली केले. 'शुद्ध गाणे' हवे होते. मूळ कॅसेट, काटकसर म्हणून, दुसऱ्या मुद्रणासाठी वापरली. त्या बैठकीत माझे वडील पहिल्या रांगेत तबलजींच्या बाजूस बसले होते आणि दर समेला त्यांचा आवाज उठत होता. त्यांचा आवाज मुद्रित झालेली तेवढी एकच कॅसेट आमच्या घरात होती. आता प्रत ऐकताना गवई ज्या समेनंतर क्षणभर थांबतात, तेथे ते का थांबले हे ऐकणाऱ्यास कळत नाही. तान लुळी पडल्यासारखी वाटते. गाणेही शुद्ध राहिले नाहीच.

समेचा विषय निघालाच आहे. १९६५ चे 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' आणि १९६७ चे 'कोल्ड स्वेट' या दोन गाण्यांनी ब्राऊनने जो पंथ सुरू केला त्याला फंक म्हणतात. अपोलोची १९६२ ची रात्र ही त्याची पूर्वतयारी होय, प्रत्यक्ष फंक नव्हे. चाहते हा भेद सर्रास विसरतात. फंकमध्ये सुरावट मागे सरते आणि गिटार, बास, पितळी वाद्ये ही सर्व तालवाद्ये असल्यासारखी वागू लागतात. प्रत्येकाच्या वाट्याला एक तोकडा तुकडा, तो दुसऱ्याच्या तुकड्यात अडकविलेला, आणि चार मात्रांतील पहिलीवर सर्वांनी मिळून दिलेला भार. त्या पहिल्या मात्रेला ब्राऊन 'द वन' म्हणे. आमच्या मित्रमंडळींत हे सांगताच, "म्हणजे आपली समच की!" असे उद्गार निघतात. साम्य आहे, नाही असे नाही. परंतु आवर्तनाचा प्रवास करून आपण समेवर पोहोचतो, आणि पोहोचल्याची दाद देतो. 'वन'वरून लोक निघतात. तेथे पाय उचलला जातो. म्हणून एकीकडे मान हलते आणि दुसरीकडे सबंध देह. ब्राऊनच्या जलशात खुर्चीत बसून राहणे ही न कळल्याची कबुली ठरली असती.

डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर 'टी.ए.एम.आय. शो' हा चित्रपट पाहावा. ऑक्टोबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे तो चित्रित झाला. समोर शाळकरी वयाची मुले. बहुतेक गोरी, आणि ब्राऊनला त्यांपैकी कितींनी पूर्वी पाहिले असेल कोण जाणे. 'प्लीज, प्लीज, प्लीज' गाता गाता तो गुडघ्यांवर कोसळतो. सहकारी येऊन खांद्यांवर झूल पांघरतो, हळुवारपणे त्याला आत नेऊ लागतो. चार पावलांवर ब्राऊन ती झूल झटकून ध्वनिक्षेपकाकडे परततो आणि पुन्हा कोसळतो. असे पुनःपुन्हा. हा प्रकार तो वर्षानुवर्षे, रात्रीमागून रात्री करीत असे आणि पाहणाऱ्यांना ते ठाऊक असे. तरी ते दर वेळी ओरडत, 'जाऊ नकोस' अशा अर्थाचे. एके काळी मला हे ढोंग वाटले असते. परंतु आपल्या नाट्यगृहांत सिंधूचे हाल ठाऊक असूनही डोळे टिपणारे रसिक मी पाहिले आहेत. त्यांना आपण भाबडे म्हणत नाही. शिवाय घाम खरा होता. ठरवून केलेल्या कोसळण्यातही गुडघे फरशीवरच आपटतात. त्याच्यानंतर रोलिंग स्टोन्स या इंग्रज संघाची पाळी होती; ब्राऊनच्या पाठोपाठ रंगमंचावर जाणे ही आपली घोडचूक झाली, असे त्या संघाच्या कीथ रिचर्ड्सने पुढे सांगितले.

या कौतुकाची खरी परीक्षा मात्र ५ एप्रिल १९६८ रोजी बोस्टन शहरी झाली. आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती आणि शंभरावर शहरांत आगी भडकल्या होत्या. बोस्टन गार्डनमधील ब्राऊनचा जलसा रद्द करावा तर तरुण संतापणार. होऊ द्यावा तर हजारो लोक शहराच्या मध्यभागी जमणार. नगरसेवक टॉम ॲटकिन्स आणि महापौर केव्हिन व्हाइट यांनी तो दूरचित्रवाणीवरून थेट दाखविण्याचा मार्ग काढला, म्हणजे लोक घरीच राहतील. चौदा हजारांच्या जागी सुमारे दोन हजारच लोक आले. ब्राऊनचे उत्पन्न बुडाले. त्याने महापालिकेकडे साठ हजार डॉलर भरपाई मागितली. यावरून त्याला नावे ठेवणारे लोक आहेत. माझ्या मते वाद्यवृंदाचा पगार भावनांवर निघत नाही.

जलशाच्या अखेरीस काही तरुण रंगमंचावर चढले. पोलिसांनी त्यांना ढकलून खाली लोटण्यास सुरुवात केली. चित्रफितीत हा प्रसंग पाहताना छातीत धस्स होते. एखादा दंडुका अधिक जोरात बसता तर ती रात्र वेगळी ठरली असती. ब्राऊनने गाणे थांबविले, पोलिसांना मागे हटण्यास सांगितले आणि त्या मुलांशी तो बोलू लागला. त्याच्या बोलण्यात आर्जव होते, रागही होता: मला तुमच्या मानाची अपेक्षा आहे, तुम्ही माझी आणि आपल्या सर्वांचीच शोभा करीत आहात, असा त्याचा आशय. मुले उतरली. तो वाद्यवृंदाकडे वळला आणि गाणे पुन्हा सुरू झाले. बोस्टन त्या रात्री इतर शहरांच्या मानाने शांत राहिले. त्याचे सारे श्रेय एका जलशाला देणे हे चाहत्यांचे अतिशयोक्त प्रेम म्हणावे लागेल. तथापि त्या दोन मिनिटांत जे घडले ते आयत्या वेळी घडलेले नव्हते. गायकाने थांबायचे, लोकांनी उत्तर द्यायचे, हा सराव वर्षानुवर्षांचा होता.

चाहत्यांच्या लेखनात जे वगळले जाते तेही सांगितले पाहिजे. वादकाचा स्वर चुकला की ब्राऊन नाचता नाचता हाताची बोटे उघडून दाखवी. ती दंडाची रक्कम असे. प्रेक्षकांना ती नृत्यातील मुद्रा वाटे. रसिक हा किस्सा शिस्तीचा नमुना म्हणून सांगतात. सरकारी नोकरीत माझा जन्म गेला. दंडाच्या भयाने उत्तम टिपणी लिहिली गेल्याचे मी तरी पाहिले नाही. १९७० मध्ये पैशांच्या वादावरून बहुतेक वाद्यवृंद त्याला सोडून गेला, तेव्हा सिनसिनाटीहून आणलेल्या कॉलिन्स बंधूंसारख्या कोवळ्या वादकांनी त्याच्या गाण्यात नवी जान ओतली, हेही लक्षात ठेवावे. आणि घरातला ब्राऊन तर रंगमंचावरील ब्राऊनपेक्षा फारच लहान होता. पत्नीला मारहाण केल्याच्या आरोपांवरून त्याला एकाहून अधिक वेळा अटक झाली. अपोलोतील त्या स्त्रियांच्या हाका ऐकताना ही गोष्ट मला विसरता येत नाही. ती विसरावी असेही मला वाटत नाही.

२५ डिसेंबर २००६ रोजी तो वारला. तीन दिवसांनी त्याची शवपेटी पांढऱ्या घोड्यांच्या गाडीतून हार्लेममध्ये आणली आणि अपोलोच्या त्याच रंगमंचावर ठेवली. १२५ व्या रस्त्यावर हजारोंची रांग लागली होती. थंडीत ताटकळणारे काही जण गात होते, नाचतही होते.

आपल्या वाचकांपैकी ज्यांना हे गाणे ऐकण्याची इच्छा होईल त्यांनी १९६२ च्या अपोलोपासूनच आरंभ करावा. १९७१ च्या पॅरिस येथील जलशाचे मुद्रण त्यानंतर. पुढील काळातील प्रतींत 'लॉस्ट समवन' सलग जोडलेले मिळते. आवाज थोडा मोठा ठेवावा, म्हणजे मागच्या रांगेतली माणसेही ऐकू येतील.