हॉटेल पडतं तेव्हा काय ऐकू येतं?

आत येताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "आज तुम्ही खेळावर बोलणार की संगीतावर?" मी म्हटलं, हाच तर आजचा प्रश्न आहे. तासाभराने तुम्हीच सांगा. (हशा)

आज एकाच खेळाबद्दल बोलायचंय. नाव 'बॅड हॉटेल'. स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात 'लकी फ्रेम' नावाचा एक छोटा स्टुडिओ होता, यान सेझनेक या संगीतकाराने सुरू केलेला. त्यांनी 2012 मध्ये हा खेळ आधी आयफोन-आयपॅडसाठी काढला आणि पुढे तो संगणकावरही आला. खेळ लहान आहे, पण त्यात एक मोठा दावा दडलेला आहे. तो दावा आपण तपासून बघू.

ज्यांनी असे खेळ खेळलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी 'टॉवर डिफेन्स' म्हणजे काय ते सांगतो. साधी गोष्ट आहे. तुमचं एक ठाणं असतं. त्याच्यावर शत्रू लाटांमागून लाटा करून येतो. तुम्ही स्वतः लढत नाही, तुम्ही बांधता. इथे बुरूज, तिथे तोफ. पैसे मोजके, वेळ त्याहून मोजका. 2007 मधलं 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स' किंवा 2009 मधलं 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज' तुमच्यापैकी पुष्कळांनी ऑफिसच्या वेळेत खेळलेलं असणार. हात वर करू नका! (हशा)

'बॅड हॉटेल'मध्ये ठाणं म्हणजे एक हॉटेल. तुम्ही नवे हॉटेलवाले, आणि जागा नेमकी टार्नेशन टॅडस्टॉक नावाच्या एका विक्षिप्त टेक्सन धनाढ्याच्या मुलखात. तो तुमच्यावर समुद्रपक्षी सोडतो, उंदीर सोडतो, हिममानवसुद्धा सोडतो. तुम्ही मूळ खोलीला एकेक खोली जोडत जाता. काही खोल्या पैसे मिळवून देतात, काही गोळ्या झाडतात, काही डागडुजी करतात. मूळ खोली गेली की खेळ संपला.

आता गंमत बघा. प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज आहे. ठोका फिरत राहतो, खोल्या आपापल्या पाळीला वाजतात. खोली कोणती आणि ती कुठे जोडली, यावर चाल ठरते. म्हणजे तुमच्या हॉटेलचा नकाशा हीच त्या संगीताची लिपी. पाच खोल्यांचं हॉटेल एखाद्या खेळण्यासारखं टिणटिणतं, वीस खोल्यांचं झालं की चांगलं भरून वाजायला लागतं. आधी ध्वनिमुद्रित केलेलं पार्श्वसंगीत मागे चाललंय, असं इथे नाही.

हा फरक नीट लक्षात घ्या. 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज'मध्येही संगीत खेळाबरोबर बदलतं. लॉरा शिगिहाराने ते केलंय, आणि झॉम्बींची गर्दी वाढली की त्यात ढोल-ताशासारखे ठोके मिसळतात. कल्पना छान आहे, पण तिथे चाल आधीच रचून ठेवलेली आहे. खेळ फक्त एक थर उघडतो, एक बंद करतो. 'बॅड हॉटेल'मध्ये तुम्ही बांधल्याशिवाय चालच नाही.

अशा संगीताला 'जनरेटिव्ह' म्हणतात. ब्रायन ईनोने हा शब्द रूढ केला. 1996 साली त्याने 'जनरेटिव्ह म्युझिक 1' नावाची रचना काढली, ती चक्क सॉफ्टवेअरच्या रूपात. नियम संगीतकाराचे, फळ यंत्राचं, आणि दर वेळी वेगळं. पण ईनोच्या त्या रचनेत ऐकणाऱ्याला काही करायचं नसतं. खुर्चीत बसा आणि ऐका. इथे मात्र खेळाडू आहे, त्याचे हात चाललेत. म्हणूनच अशा खेळांबद्दल लोक सहज म्हणून जातात, की खेळता खेळता तुम्हीच संगीतकार होता.

हाच तो मोठा दावा. मला तो पटत नाही. का, ते सांगतो.

माझ्या भाचीने हा खेळ मला दाखवला. पहिले दोन-तीन डाव मी कानाने खेळलो. एक खोली लावायची, ऐकायचं, मग तिला शोभेल अशी दुसरी लावायची. एक सुंदर आवर्तन तयार झालं. मी खूष! आणि दुसऱ्याच मिनिटाला पक्षी आले आणि अख्खं हॉटेल खाली. भाची म्हणाली, "मामा, तू बंदुका कुठे लावल्यास?" लावल्याच नव्हत्या. बंदुकीचा आवाज मला त्या जागी आवडला नव्हता. (हशा)

मग मी शहाणा झालो. पैशाच्या खोल्या आत, बंदुका बाहेर, जिथून हल्ला येतो तिकडे भर. जिंकायला लागलो. आणि एका संध्याकाळी जाणवलं की गेली वीस मिनिटं आपण काहीच ऐकलेलं नाही. कानावर पडत होतं, हो. पण ऐकलं नव्हतं.

खेळ वाईट बनवलाय, अशी ही तक्रार नाही. दोष रचनेतच आहे. हा खेळ संगीत निर्माण करतो, पण स्वतः ते ऐकत नाही. तुमचं आवर्तन रसाळ झालं म्हणून एक पैसा जास्त मिळत नाही. कंटाळवाणं झालं म्हणून एकही पक्षी वाढत नाही. त्यात सूर आधीच असे निवडलेले, की काहीही जोडलं तरी ते एकमेकांना फारसे टोचत नाहीत. म्हणजे बेसूर होण्याची सोयच नाही. आता मला सांगा, जिथे चुकताच येत नाही, तिथे बरोबर वाजवलं याला अर्थ काय उरतो? तंबोऱ्यासमोर बसलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. त्याचा षड्ज हलतो, गुरुजी मान वर करून बघतात. त्या नजरेतून तो गायक घडतो. 'बॅड हॉटेल'मध्ये मान वर करून बघणारं कुणी नाही.

कुणी म्हणेल, खेळ आणि संगीत एकत्र आले की हे असंच होणार. दोन धन्यांची चाकरी कशी जमणार? पण तसं नाही. जमतं, आणि ते कितीतरी दशकांपूर्वीच कुणीतरी करून दाखवलं होतं.

यानिस झेनाकिस. ग्रीक घराण्यातला, पॅरिसमध्ये स्थायिक झालेला संगीतकार. स्थापत्यकारही होता, ल कॉर्ब्युझिएच्या कचेरीत काम केलेला. त्याने 1959 साली 'ड्यूएल' नावाची रचना केली. दोन वाद्यवृंद, दोन संचालक, आणि त्यांच्यात खरोखरचा सामना. प्रत्येकाकडे ठरलेल्या मोजक्या चाली. एक संचालक एक चाल निवडतो, दुसरा तिला उत्तर देतो. कोणत्या चालीसमोर कोणती चाल आली की किती गुण, याचा तक्ता झेनाकिसने आधीच करून ठेवला होता. 1962 मध्ये 'स्त्रातेजी' ही त्याच जातीची आणखी मोठी रचना आली.

कळीचा मुद्दा पुढे आहे. तो तक्ता कशावरून बनवला? त्या दोन आवाजांची जोडी कानाला कशी लागते, यावरून! बरी, चांगली, फार चांगली. म्हणजे संचालक जिंकायला बघतो तेव्हा तो आपोआप चांगल्या जोडीकडे ओढला जातो. लोभ आणि कान एकाच गाडीला जुंपलेत. नियमांमध्येच एक ऐकणारा बसवलेला आहे. 'बॅड हॉटेल'मध्ये तीच खुर्ची रिकामी आहे.

इथवर आलो की व्याख्यान संपायला हवं. खेळ नापास, झेनाकिस पास, चहा घेऊ. (हशा) पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. सगळं पटूनही मी तो खेळ पुन्हा पुन्हा का उघडत होतो?

याचं उत्तर मला जिंकताना मिळालं नाही, हरताना मिळालं. हॉटेल मोठं झालेलं, घशात बसलेलं आवर्तन चाललेलं. वरच्या बाजूला पक्षी धडकले. मी खालच्या उंदरांकडे बघत होतो, वर काय झालं ते पाहिलंच नाही. पण पुढचं आवर्तन आलं आणि त्यात एक दात पडलेला होता. एक सूर यायचा तो आला नाही. बघायच्या आधीच मला कळलं, की वरची खोली गेली.

हे साधं नाही. तबल्याच्या साथीला बसणारा माणूस जसा न मोजता समेची वाट बघतो, तसं माझं शरीर त्या सुराची वाट बघत होतं. तो न आल्यावर त्याची किंमत कळली. मी वीस मिनिटं ऐकलंच नव्हतं, असं मघाशी म्हटलं ना? ते अर्धंच खरं होतं. हातांना सवड नव्हती, पण कान नकळत ते घर पाठ करत होता. खोली लावताना मी संगीतकार नव्हतो, नुसता ठेकेदार होतो. खोली गेली तेव्हा मात्र मी श्रोता झालो.

आणि बघा, झेनाकिसच्या 'ड्यूएल'मध्ये संचालकाला ज्या चाली दिल्या आहेत, त्यांतली एक चाल म्हणजे शांतता. न वाजवणं हाही डाव. तिथे शांतता निवडायची असते, इथे ती तुमच्यावर लादली जाते. माझ्या मते 'बॅड हॉटेल'चं खरं संगीत या लादलेल्या शांततेत आहे. बेसूर होण्याची सोय नाही म्हणालो, पण सूर गमावण्याची आहे. चुकीची शिक्षा इथे खटकणाऱ्या सुराने होत नाही, सूर नाहीसा होऊन होते.

म्हणून माझा निकाल असा. तुम्ही संगीतकार होता, हा दावा खोटा. तो करू नये. कारण त्याने दोन्हीकडे नुकसान होतं. खेळणाऱ्याला न केलेल्या कष्टाची शाबासकी मिळते, आणि खेळाने खरोखर जे साधलंय ते झाकलं जातं. खेळाने साधलंय ते हे, की जे उभं आहे ते ऐकू येतं आणि जे पडलं तेही ऐकू येतं. पार्श्वसंगीत तुम्ही हरलात तरी तसंच वाजत राहतं, त्याला तुमचं सोयरसुतक नसतं. या संगीताला आहे.

शेवटी एका मुलीची चिठ्ठी आलीये, ती वाचतो. "मग असा खेळ बनवणाऱ्याने पुढे काय करावं?" चांगला प्रश्न आहे. माझं उत्तर छोटं आहे. ऐकायला सवड द्या. दोन हल्ल्यांच्या मध्ये चार आवर्तनं नुसती वाजू द्या. पक्षी नकोत, पैसे नकोत. आपण काय बांधलंय ते माणसाला कळू द्या. मग ते पाडा.

आणि ज्यांनी सुरुवातीला विचारलं होतं, ते गृहस्थ गेले का? नाही, आहेत. मग सांगा, मी कशावर बोललो?