कडी कुठे थांबते

पेंटॅक्सने १९७५ साली आपल्या कॅमेऱ्यांचं तोंड बदललं. तोवर त्यांच्या लेन्स आट्यांवर बसायच्या: व्यास ४२ मिलिमीटर, एका फेऱ्याला एक मिलिमीटर पुढे जाणारे आटे. फोटोग्राफीच्या दुनियेत याला एम४२ म्हणतात. नवं के-माउंट बायोनेटचं होतं. लेन्स टेकवायची, थोडी फिरवायची, ‘टक्’ आवाज आला की बसली. सोय मोठी होती, पण ज्यांच्याकडे आधीच चार-पाच आटेवाल्या लेन्स होत्या त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी पेंटॅक्सने एक कडी काढली.

हातात घेतली तर तिच्यात बघण्यासारखं काही नाही असंच वाटतं. बाहेरून बायोनेटच्या तीन पाकळ्या, आतून आटे, बाजूला एक बारीक स्प्रिंग. ती कॅमेऱ्यात बसवा आणि तोंडावरून बोट फिरवा. बोटाला ती लागतच नाही, कारण ती पूर्ण आत बुडालेली असते. आता लेन्स आट्यांवर चढवा. शेवटच्या फेऱ्यात लेन्स घट्ट होते तेव्हा तिचं बूड टेकतं ते थेट कॅमेऱ्याच्या धातूवर. कडी तिला फक्त धरून ठेवते. लेन्स फिल्मपासून किती दूर असावी, हे ठरवण्यात कडीचा काहीच हात नाही. तिची जाडी, हिशेबाला धरायची तर, शून्य.

हे शून्य सहज पडलेलं नाही. लेन्स जिथे टेकते तिथून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कॅमेरापद्धतीचं ठरलेलं असतं. एम४२मध्ये ते ४५.४६ मिमी आहे. नवं माउंट आखताना पेंटॅक्सने बाकी सगळं बदललं, हे अंतर मात्र जसंच्या तसं ठेवलं. त्यामुळे जुनी लेन्स आणि नवा कॅमेरा यांच्यात भरून काढायला काही उरलंच नाही. कडीचं सौंदर्य कडी बनवणाऱ्याच्या आधी कॅमेरा आखणाऱ्याने ठरवून टाकलं होतं.

तिचा दोष एकच. काढताना ती स्प्रिंग नखाने किंवा पेनच्या टोकाने दाबून कडी फिरवावी लागते. घाईच्या वेळी हे काम चिडचिड आणतं. नकला करणाऱ्यांनी नेमकी हीच चिडचिड हेरली. बाजारात या कडीच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा कड्यांना बाहेरून एक किनार असते. चिमटीत धरायला सोपी, काढायला सोपी. किनार जेमतेम एक मिमीची, पण लेन्स आता त्या किनारीवर टेकते आणि फिल्मपासून एक मिमी जास्त दूर राहते. ५० मिमीची लेन्स अशा कडीवर लावली की अडीच मीटरपलीकडचं काहीही स्पष्ट येत नाही. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस येतो, खिडकीबाहेरचं झाड येत नाही.

म्हणून अशी कडी पारखताना ती काय कशाला जोडते, या चौकशीत मी फार वेळ घालवत नाही. ते तर खोक्यावरच छापलेलं असतं. ती लेन्सला कुठे थांबवते, ते बघतो.

थांबवण्याचा दुसरा उत्तम नमुना लायकाचा. १९५४ साली लायका एम३ आला तेव्हा तिथेही आटे जाऊन बायोनेट आलं. आटेवाल्या लायकाचं अंतर २८.८ मिमी, नव्याचं २७.८. म्हणजे फरक बरोबर एक मिमी, आणि कडीसुद्धा बरोबर एक मिमी जाडीची. पेंटॅक्सने अंतर सारखं ठेवून कडी अदृश्य केली. लायकाने कडीला दिसण्यापुरती जागा ठेवून कॅमेरा तेवढा बारीक केला. यांत मला लायकाची कडी जास्त आवडते, आणि त्याचं कारण तिची जाडी नाही. एम३च्या व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्सप्रमाणे चौकटी दिसतात. ५० मिमीची कायम असते, आणि ९० किंवा १३५ची लेन्स लावली की तिची चौकट आपोआप उमटते. कॅमेऱ्याला हे कळतं लेन्सच्या बायोनेटच्या पाकळीवरून, जी आतला एक छोटा दांडा कमी-जास्त ढकलते. आटेवाल्या जुन्या लेन्सला पाकळीच नाही. मग ते काम कडीवर सोपवलं: ५०ची कडी वेगळी, ९०ची वेगळी, १३५ची वेगळी. जुन्या लेन्सला जे सांगता येत नव्हतं ते एक मिमी जाडीचा धातूचा तुकडा तिच्या वतीने सांगतो. ना विजेचा संबंध, ना चिपचा. आजच्या कड्यांमध्ये सोनेरी टोकांच्या रांगा असतात, त्यांचं मूळ मला इथे दिसतं.

आता वजाबाकी. कुठलीही लेन्स कुठल्याही कॅमेऱ्यावर लागेल का, हे आधी दोन आकड्यांच्या वजाबाकीवर ठरतं. लेन्सचं अंतर कॅमेऱ्यापेक्षा जास्त असेल तर उरलेल्या जागेत कडी बसते. निकॉन एफचं ४६.५, कॅनन ईएफचं ४४. निकॉनची लेन्स कॅननवर लावायला अडीच मिमी मिळतात, कडी छान होते. एम४२ कॅननवर: १.४६ मिमी, तीही होते. पण एम४२ निकॉनवर? वजाबाकी उणे येते. कडी शून्य जाडीची केली तरी लेन्स एक मिमीहून जास्त दूरच राहणार. त्यावर उपाय म्हणून कडीत एक छोटी भिंगाची काच बसवून देतात. अनंतावरचं दृश्य मग स्पष्ट होतं खरं, पण लेन्सची सगळी चव त्या स्वस्त काचेतून गाळून येते. ज्या लेन्ससाठी एवढा खटाटोप केला तिच्याच मागे ही काच बांधायची, हे मला कधीच पटलेलं नाही. निकॉनवाल्याने एम४२च्या लेन्स फुलं-पानं जवळून टिपायला बिनकाचेच्या कडीवर वापराव्यात, नाहीतर सरळ दुसऱ्या कॅमेऱ्यावर.

काचेच्या कड्यांत एक सन्माननीय अपवाद २०१३ साली आला, मेटाबोन्सचा स्पीड बूस्टर. त्यातली काच लेन्सचं चित्र ०.७१ पटीने आकसवून लहान सेन्सरवर आणते आणि एक स्टॉप जास्त प्रकाश देते. पण तो जोडणीपेक्षा प्रकाशशास्त्राचा विषय आहे. त्याचं कौतुक स्वतंत्र करायला हवं.

आरसा नसलेले कॅमेरे आले आणि वजाबाकीची चिंता जवळजवळ मिटली. सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. आता जुनी कुठलीही एसएलआर लेन्स घ्या, दोन ते तीन सेंटिमीटर हातात उरतात. एम४२ ते सोनी ई ही कडी २७.४६ मिमीची, म्हणजे चांगली नळीच. आणि इथेच गंमत सुरू होते, कारण जागा मुबलक झाली तसा निष्काळजीपणाही मुबलक झाला.

स्वस्त कड्या बहुधा मुद्दाम किंचित आखूड करतात. लांब झाली तर अनंत हरवतं आणि गिऱ्हाईक कडी परत आणतं. आखूड झाली तर अनंताच्या पुढेही फोकस जातो आणि कोणी तक्रार करत नाही. हिशेब चलाखीचा आहे, पण त्याची किंमत लेन्सगणिक वेगळी पडते. समजा कडी ०.१ मिमीने आखूड आहे, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाच्या जाडीएवढी. १३५ मिमीच्या लेन्सला त्याने काही होत नाही. ५० मिमीच्या लेन्सवर अनंत सापडतं ते अंतराच्या पट्टीवर २५ मीटर दिसत असताना. २० मिमीच्या लेन्सवर तेच अनंत ४ मीटरच्या खुणेपाशी सापडतं! म्हणजे पट्टी बघून फोकस लावणाऱ्याची पट्टी गेली. ज्या वाइड लेन्समध्ये जवळच्या फोकसला आतली भिंगं वेगळी सरकतात, तिथे तर लांबच्या दृश्याला भिंगं भलत्याच जागी असतात आणि कडेची धार जाते. म्हणून माझा निर्णय साधा आहे: टेलिफोटोला स्वस्त कडी चालेल, वाइडला चांगलीच घ्या. दुकानात तपासायचं तर आपली सगळ्यात वाइड लेन्स घेऊन जा, दूरच्या इमारतीवर फोकस करा आणि पट्टीवर काय आकडा येतो ते बघा. मुंबईत बोरा बाजारात उभं राहून हे करायला दोन मिनिटं लागतात.

आट्यांच्या कडीचा आणखी एक प्रश्न, जो बायोनेटला पडत नाही. आटे संपतात तेव्हा लेन्सवरची खूण वर यायला हवी. आटे कुठून सुरू केले, यावर ते ठरतं. ढिसाळ कडीवर खूण घड्याळातल्या दोनवर येते, कधी चारवर, आणि ॲपर्चरचे आकडे वाचायला मान वाकडी करावी लागते. चांगल्या कडीत आटे असलेला आतला भाग वेगळा असतो, तीन बारीक स्क्रूंनी धरलेला. ते सैल करायचे, लेन्स सरळ करायची, पुन्हा आवळायचे. कडी विकत घेताना मी पहिल्यांदा हे तीन स्क्रू शोधतो. ते दिसले की समजावं, बनवणाऱ्याने स्वतः कधीतरी लेन्स लावून पाहिली आहे.

आतल्या ओठाबद्दलही असंच. बऱ्याच एम४२ लेन्सच्या बुडाशी एक पिन असते. ती दाबली गेली नाही तर ॲपर्चर उघडंच राहतं, रिंग कितीही फिरवा. म्हणून काही कड्यांना आतून एक ओठ असतो, तो पिन दाबून धरतो. पण हेलिओस ४४-२ सारख्या लेन्सला पिनच नाही. तिचं ॲपर्चर हाताने आधी ठरवून मग मिटवायचं असतं. झाइसच्या बियोटारवरून रशियात घडलेली ही ५८ मिमी, एफ/२ची लेन्स मागची पानं भोवऱ्यात फिरवते, त्यासाठीच आज तिला मागणी आहे. तिला ओठाची कडी लावली काय नि बिनओठाची लावली काय, सारखंच. घेण्याआधी लेन्सचं बूड उलटं करून बघावं, एवढंच.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती आतली भिंत. २७ मिमीची नळी आतून चकाकत असेल तर लेन्सच्या कडेने आलेला प्रकाश तिच्यावर आपटतो आणि सेन्सरवर पांढुरकी झाक पसरते. लोक म्हणतात, जुनी लेन्स आहे, कॉन्ट्रास्ट कमीच असणार. बिचाऱ्या लेन्सवर आळ येतो. कडी खिडकीकडे धरून तिरप्या नजरेने आत बघा. चांगल्या कडीत बारीक खाचा किंवा मखमलीसारखा काळा थर असतो आणि नजर तिथे कुठेच अडत नाही. चकाकी दिसली तर ठेवून द्या, बाहेरून कितीही देखणी असली तरी.

लेन्सच्या मागून आता पुढे येऊ. फिल्टरच्या कड्यांचं गणित सोपं आहे, पण हातांची परीक्षा जास्त. ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२ असे व्यास चढत जातात. शहाणा माणूस एकच मोठा, ७७चा पोलरायझर घेतो आणि लहान लेन्सना स्टेप-अप कड्या लावतो. त्यात एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: ४९ ते ७७ अशी थेट एकच कडी घ्या. ४९-५२, ५२-५५ करत संच चढवत नेला तर समोर एक नळकांडं तयार होतं, वाइड लेन्सचे कोपरे काळे पडतात, आणि सहा जोडांपैकी एखादा तरी नेमका संध्याकाळच्या प्रकाशात अडकतो. या व्यवस्थेत लेन्सचं स्वतःचं हूड बसत नाही, हा तोटा पत्करावाच लागतो. उलट दिशेची, मोठ्या लेन्सवर लहान फिल्टर लावणारी स्टेप-डाउन कडी मला टेलिफोटोच्या काही प्रसंगांपलीकडे निरुपयोगी वाटते.

धातूचा फरक इथे हाताला कळतो. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर ॲल्युमिनियम चढलं की दोन्ही एकमेकांना चावतात. पितळ ॲल्युमिनियमवर सरकतं. पितळी फिल्टर लावताना आटे रेशमासारखे फिरतात आणि थांबायचं तिथे शांतपणे थांबतात. बी प्लस डब्ल्यूचे फिल्टर महाग का, याचं अर्धं उत्तर त्या पितळेत आहे. ॲल्युमिनियमच घ्यायचं असेल तर आवळण्याचा मोह टाळा. पोलरायझर फिरवताना कॅमेऱ्यामागे उभं राहून तो नेहमी डावीकडे फिरवावा. उजवीकडे फिरवला तर फिल्टर सुटत येतो आणि एखाद्या पुलावर खाली पाण्यात जातो.

आणि अडकलाच तर? सगळे जण चिमटीत जोर देतात, त्याने कडी लंबगोल होते आणि आणखी घट्ट रुतते. हवाई चपलेचा स्वच्छ रबरी तळ फिल्टरच्या कडेवर सपाट टेकवा आणि हलका दाब देत फिरवा. दाब सगळीकडून सारखा येतो, कडी गोल राहते आणि सुटते. यासाठी खास पाने मिळतात, पण चप्पल घरात असतेच.

कॅननने २०१८ साली आरएफ कॅमेरे काढले तेव्हा मागची कडी आणि पुढचा फिल्टर या दोन्ही घराण्यांचं लग्न लावून दिलं. ईएफ लेन्स आरएफवर लावायची कडी ४४ वजा २०, म्हणजे २४ मिमीची. तेवढ्या रिकाम्या नळीत त्यांनी एका आवृत्तीत बाजूने सरकवायचा फिल्टर ठेवला, पोलरायझर किंवा प्रकाश अडवणारा, कमी-जास्त करता येणारा एनडी. ११-२४ मिमीसारख्या लेन्सचं पुढचं भिंग इतकं फुगलेलं असतं की पुढून फिल्टर लावताच येत नाही. तो प्रश्न मागून सुटला, आणि एकाच फिल्टरमध्ये घरातल्या सगळ्या ईएफ लेन्स भागल्या. फिल्टर नको असेल तेव्हा तिथे साधी पारदर्शक काच घालतात, कारण लेन्सच्या मागे काच आली की फोकस तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांशाने मागे सरकतो. काच एकदा असणं नि एकदा नसणं परवडत नाही. ही साधी काच मात्र वेगळी विकत घ्यावी लागते. एवढी सुरेख कडी आखणाऱ्यांनी ती खोक्यातच द्यायला हवी होती.