देवमाशांची ‘संस्कृती’ : एका संकल्पनेची चिकित्सा

देवमासे व डॉल्फिन यांच्या बुद्धिमत्तेविषयीची चर्चा दीर्घकाळ मेंदूचे आकारमान आणि बंदिस्त प्राण्यांवरील चाचण्या यांभोवती फिरत राहिली. स्पर्म व्हेलचा मेंदू सुमारे ८ किलोग्रॅम वजनाचा, म्हणजे प्राणिसृष्टीतील सर्वांत मोठा असतो; परंतु एवढ्यावरून त्याच्या बौद्धिक जीवनाविषयी फारसे काही सांगता येत नाही. हॅल व्हाइटहेड व ल्यूक रेंडेल यांच्या ‘द कल्चरल लाइव्हज ऑफ व्हेल्स अँड डॉल्फिन्स’ (शिकागो विद्यापीठ प्रकाशन, २०१५) या ग्रंथाने चर्चेचा केंद्रबिंदूच बदलला. एकटा प्राणी किती हुशार आहे यापेक्षा समूहातील प्राणी परस्परांपासून काय शिकतात, हा या ग्रंथाचा मुख्य प्रश्न आहे.

सामाजिक अध्ययनातून प्राप्त होणारी आणि समुदायात सामायिक असणारी माहिती वा वर्तन म्हणजे संस्कृती, अशी व्यापक व्याख्या लेखकद्वय स्वीकारते. तिच्या समर्थनार्थ दिलेला पुरावा समृद्ध असला तरी समान बळाचा नाही. हंपबॅक देवमाशांचे गीत हे त्यातील सबळ उदाहरण होय. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ८२ गायक नरांपैकी केवळ २ नर पश्चिम किनाऱ्यावरील गीत गात होते. १९९८ पर्यंत त्या गीताने जुन्या गीताची जागा पूर्णपणे घेतली. इतक्या अल्पावधीतील बदलाचे स्पष्टीकरण आनुवंशिकतेने देता येत नाही. मेन आखातात १९८० मध्ये प्रथम आढळलेली, पाण्यावर शेपटी आपटून भक्ष्य पकडण्याची रीत अनेक वर्षांच्या नोंदींतून सहवासाच्या जाळ्यामार्फत पसरत गेल्याचे २०१३ मध्ये दाखविले गेले. येथे केवळ वर्तनातील फरक दिसत नाही, तर त्याच्या प्रसाराचा मार्गही दिसतो.

याउलट, ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथील काही डॉल्फिन तुंडावर स्पंज धारण करून समुद्रतळाशी भक्ष्य शोधतात, हे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ही सवय मुख्यतः मातेकडून अपत्याकडे जाते. परंतु मायटोकाँड्रियल डीएनएही त्याच वाटेने जातो. त्यामुळे अध्ययन, आनुवंशिकता आणि परिसर यांचा वाटा वेगळा करणे कठीण होते. अन्य कारणे वगळून उरलेल्या वर्तनास संस्कृती म्हणण्याची पद्धत येथे आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचते. शास्त्रीय विवेचनात या दोन प्रकारच्या पुराव्यांमधील अंतर सतत दृष्टीसमोर असणे आवश्यक आहे.

दुसरा आक्षेप संज्ञेविषयीचा आहे. मराठीतील ‘संस्कृती’ हा शब्द ‘संस्कार’ या शब्दाचा सगोत्र आहे. त्यात मूल्य, प्रतीक, उचित-अनुचिताचे भान हे अर्थ अंतर्भूत आहेत. ग्रंथातील व्याख्येत यांपैकी काहीही अनिवार्य नाही. समाजशास्त्र व मानवशास्त्राच्या अभ्यासकास ही व्याख्या म्हणूनच तोकडी वाटेल. देवमाशांमध्ये वर्तनाचे संक्रमण होते, हे सिद्ध करता येते. त्या वर्तनाला त्यांच्या दृष्टीने काही अर्थ असतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. मराठीत ‘सांस्कृतिक संक्रमण’ ही मर्यादित संज्ञा अधिक नेमकी ठरेल.

तथापि, ही तोकडी व्याख्याच संवर्धनाच्या क्षेत्रात उपयुक्त ठरते. ईशान्य पॅसिफिकमधील किलर व्हेलचे ‘रेसिडेंट’ समुदाय मासे खातात, तर त्याच पाण्यात वावरणारे ‘बिग्ज’ समुदाय सील व अन्य सस्तन प्राण्यांची शिकार करतात. दक्षिणेकडील रेसिडेंट समुदाय मुख्यतः चिनूक सॅमनवर अवलंबून आहे. अमेरिकेने २००५ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. आज त्याची संख्या शंभराहून कमी आहे. सॅमन घटले तरी हा समुदाय भोवतालच्या सीलकडे वळत नाही. परंपरा येथे जगण्याचे साधन आहे आणि बंधनही. अशा समुदायाचे रक्षण करताना केवळ जातीची एकूण संख्या मोजणे अपुरे ठरते. स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या क्विटो येथील परिषदेने २०१४ मध्ये देवमाशांच्या संस्कृतीचा संवर्धनाशी असलेला संबंध मान्य करणारा ठराव संमत केला. भारत १९८३ पासून या कराराचा सदस्य आहे.

सारांश, ग्रंथाचे खरे सामर्थ्य देवमाशांना मानवाच्या पंक्तीत बसविण्यात नसून, एका वृद्ध मादीच्या मृत्यूने समुदायाचे संचित ज्ञानही नष्ट होऊ शकते, या जाणिवेत आहे. ती स्वीकारण्यासाठी देवमाशाला मानवसदृश मानण्याची आवश्यकता नाही.