प्रश्नावलीला न दिसणारी भूक

विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे दोन शब्द बी.एड. झालेल्या प्रत्येक शिक्षकाने परीक्षेत लिहिलेले असतात. तीच कसोटी पुन्हा दिली तर साधारण तेवढेच गुण मिळावेत, ही विश्वसनीयता. जे मोजायचे आहे तेच मोजले जावे, ही सप्रमाणता. गणिताच्या शाब्दिक उदाहरणाची भाषा अवघड असेल, तर मुलाचे गुण गणिताचे की भाषेचे हे सांगता येत नाही. तोच पेपर दहा वेळा दिला तरी गुण तेवढेच येतील. कसोटी विश्वसनीय ठरेल, पण सप्रमाण ठरणार नाही.

वर्गातल्या पेपरात ही चूक झाली तर एखाद्या मुलाचे पाच-दहा गुण जातात. आजार मोजणाऱ्या प्रश्नावलीत ती झाली तर आजारी माणूसच नजरेतून सुटतो. स्वमग्न आणि लिंगभाव-विविध व्यक्तींमधील खाण्याच्या विकारांवर गेल्या काही वर्षांत जे संशोधन झाले, ते तपासून पाहताना हीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. स्वमग्नता म्हणजे मेंदूची जन्मापासूनची वेगळी जडणघडण. अशा व्यक्तीला सामाजिक संकेत सहज उमगत नाहीत, ठरलेल्या क्रमाची ओढ असते, आणि आवाज, वास, चव, स्पर्श यांची जाणीव इतरांपेक्षा फार तीव्र किंवा फार मंद असू शकते. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारा लिंगभाव ज्यांच्या बाबतीत जुळत नाही, त्यांना येथे लिंगभाव-विविध म्हटले आहे. पारलिंगी व्यक्ती त्यांतच येतात. खाण्याच्या विकारांपैकी ॲनोरेक्सिया नर्व्होसा हा सर्वांत गंभीर. त्यात माणूस अन्न इतके कमी करतो की शरीर खंगत जाते. १८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. मानसिक आजारांपैकी मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या मोजक्या आजारांत तो मोडतो. म्हणून येथे निदान हुकणे ही किरकोळ बाब नव्हे.

आता मोजपट्टीकडे वळू. कॅनडातील डेव्हिड गार्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये २६ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती ‘ईट-२६’ या नावाने ओळखली जाते आणि जगभर वापरली जाते. आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहण्यांतही ती वापरली गेली आहे. ती पारखली गेली १६० ॲनोरेक्सियाग्रस्त स्त्रिया आणि तुलनेसाठी घेतलेल्या १४० स्त्रिया यांच्यावर. प्रत्येक प्रश्नाला जास्तीत जास्त ३ गुण असतात. बेरीज २० किंवा अधिक झाली तर पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे.

यातील बरेच प्रश्न जाड होण्याची भीती, उष्मांकांचा हिशेब आणि वजन घटवण्याचा ध्यास यांविषयी आहेत. काही प्रश्न मात्र निराळे आहेत: अन्नाचे बारीक तुकडे करता का, इतरांपेक्षा जेवायला वेळ लागतो का, नवे पदार्थ चाखायला आवडतात का. (शेवटच्या प्रश्नाला गुण उलट्या क्रमाने मिळतात.)

कल्पना करा की एक स्वमग्न मुलगी ही प्रश्नावली भरते आहे. तिला बहुतेक पदार्थांचा पोत सहन होत नाही, भुकेची जाणीव नीट होत नाही, आणि गोंगाटात घास गिळवत नाही. ती दोन-तीनच पदार्थ खाते आणि दिवसेंदिवस वाळते आहे. वजनाशी तिला काही देणेघेणे नाही, म्हणून वजनाच्या प्रश्नांवर ती प्रामाणिकपणे ‘कधीच नाही’ लिहिते. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांवर तिला पूर्ण ९ गुण मिळाले आणि बाकीच्यांवर शून्य, तर बेरीज २० च्या बरीच खाली राहते. कागद म्हणतो, धोका नाही. उलट, सावकाश आणि निवडून खाणाऱ्या पण प्रकृतीने ठणठणीत अशा दुसऱ्या स्वमग्न मुलाला हेच ९ गुण आजाराच्या खात्यात मिळतात. प्रश्नांसोबत वजनही पाहावे, अशी सूचना या पद्धतीत आहे हे खरे. पण मोठ्या पाहण्यांत बहुतेक वेळा बेरजेवरच भिस्त असते.

ही मोजपट्टी अशी का झाली, याचे उत्तर इतिहासात सापडते. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेविषयी जो मूळ लेख लिहिला, त्यात ११ मुले होती. त्यांपैकी ८ मुलगे. त्यांतील अनेकांच्या खाण्याच्या तक्रारी कॅनर यांनी नोंदवल्या होत्या. तरीही स्वमग्नता ही मुलग्यांची आणि ॲनोरेक्सिया ही मुलींची, असा समज रुजला. दोन आजार, दोन तज्ज्ञ, दोन वेगळे दवाखाने. स्वीडनचे क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी १९८३ मध्ये या दोहोंत काही नाते आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला. पुढे गोथेनबर्ग येथे त्यांनी व मारिया रास्ताम यांनी ॲनोरेक्सिया झालेल्या ५१ किशोरवयीनांची तितक्याच निरोगी समवयस्कांशी तुलना केली आणि त्यांचा मागोवा सुमारे ३० वर्षे घेतला गेला. २०१३ मधील एका आढाव्यात आठ अभ्यासांची सरासरी काढली, तेव्हा ॲनोरेक्सियाच्या रुग्णांत स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे २३ टक्के निघाले. सर्वसाधारण लोकसंख्येत ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास असते.

आकडा मोठा आहे. पण येथे विज्ञानाच्या शिक्षकाने थांबून एक शंका घ्यायला हवी: उपासमारीमुळेच माणूस स्वमग्न असल्यासारखा वागत असेल तर? ही शंका पोकळ नाही. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथे ॲन्सेल कीज यांनी युद्धात लढण्यास नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. ते तरुण एकलकोंडे झाले, चिडचिडे झाले, आणि अन्नाभोवती विचित्र विधी करू लागले. म्हणजे भुकेलेल्या रुग्णाला स्वमग्नतेची चाचणी दिली, तर आपण चाचणी कशाची घेत आहोत?

याचे उत्तर मिळवण्याचा मार्ग एकच: आजाराच्या आधीची नोंद पाहणे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली आहे. फ्रान्चेस्का सोल्मी व सहकाऱ्यांनी त्यांतील ५,३८१ मुलांची माहिती तपासली. सातव्या वर्षी ज्यांच्यात स्वमग्नतेची सामाजिक लक्षणे अधिक होती, त्यांच्यात चौदाव्या वर्षी खाण्याच्या तक्रारीही अधिक आढळल्या. म्हणजे लक्षणे आधीची. गोथेनबर्गच्या अभ्यासातही वजन पूर्ववत झाल्यावर काही जणांत स्वमग्नतेची लक्षणे टिकून राहिली. यावरून उपासमारीचा परिणाम शून्य ठरत नाही, पण सगळा संबंध उपासमारीने उलगडत नाही एवढे नक्की म्हणता येते. या संशोधनातील हा भाग मला सर्वांत भक्कम वाटतो.

लिंगभावाच्या बाजूचे चित्र मात्र इतके भक्कम नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील २२३ महाविद्यालये व विद्यापीठांतील २,८९,०२४ विद्यार्थ्यांच्या पाहणीवर आधारलेला निबंध प्रसिद्ध झाला. गेल्या वर्षभरात खाण्याच्या विकाराचे निदान झाल्याचे पारलिंगी विद्यार्थ्यांनी इतर सर्व गटांपेक्षा अधिक प्रमाणात सांगितले. सुमारे तीन लाखांच्या या गर्दीत पारलिंगी होते ४७९. आणि प्रश्नावलीत लिंगासाठी पर्याय होते तीन: स्त्री, पुरुष, पारलिंगी. पारलिंगी पुरुष, पारलिंगी स्त्री आणि यांपैकी कशातच न बसणारी व्यक्ती, सारे एकाच चौकटीत. खाण्याशी त्यांचे नाते मात्र एकसारखे नसते. वयात येणाऱ्या पारलिंगी मुलाला वाढणारी छाती आणि मासिक पाळी नकोशी होते. जेवण तोडले की दोन्ही थांबतात, असा अनुभव अशा अनेकांनी सांगितला आहे. पारलिंगी मुलीला रुंद खांदे नकोसे असतात. ‘शरीराविषयी नाराज आहात का?’ या प्रश्नाला दोघेही ‘हो’ म्हणतील, सडपातळपणाच्या मोहात पडलेली तिसरी मुलगीही ‘हो’ म्हणेल. गुण सारखे, कारणे तीन, आणि उपचारही तीन प्रकारचे हवेत.

नियमपुस्तकांनीही या गोंधळात भर घातली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या १९८७ व १९९४ च्या आवृत्त्यांत स्त्रियांच्या बाबतीत पाळी बंद होणे ही ॲनोरेक्सियाची एक अट होती. ती निघाली २०१३ मध्ये. त्याच वर्षी पोत, वास यांच्या त्रासामुळे किंवा खाण्याच्या भीतीमुळे अन्न टाळण्याच्या विकाराला, ज्यात वजनाची चिंता नसते, स्वतंत्र नाव मिळाले.

स्वमग्नता आणि लिंगभाव-वैविध्य एकाच व्यक्तीत असले तर? २०२० मध्ये केंब्रिजच्या वरुण वॉरियर व सहकाऱ्यांनी पाच वेगवेगळ्या संचांतील ६,४१,८६० लोकांची माहिती तपासली. लिंगभाव-विविध व्यक्तींमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण इतरांच्या सुमारे तीन ते सहा पट आढळले. यातील पाच लाखांहून मोठा एक संच दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाच्या निमित्ताने स्वतःहून प्रश्नावली भरणाऱ्यांचा होता. असा नमुना समाजाचे प्रतिनिधित्व करीत नाही. परंतु इतर संचांतही तोच कल दिसला, म्हणून निष्कर्ष टाकून देता येत नाही. याचा अर्थ दोन्ही वर्तुळे एकमेकांना छेदतात. तरीही स्वमग्नतेचे अभ्यास बहुधा ‘स्त्री की पुरुष’ एवढेच विचारतात, आणि लिंगभावाचे बरेच अभ्यास स्वमग्नतेविषयी काहीच विचारत नाहीत. जो माणूस दोन्ही वर्तुळांत उभा आहे, त्याची प्रत्येक ठिकाणी अर्धीच नोंद होते.

सुधारणेची सुरुवात झाली आहे, हेही सांगायला हवे. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये स्वमग्न व्यक्तींसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली. तिच्यात चव-वासाची जाणीव, चावणे-गिळणे, भूक आणि पोट भरल्याची जाणीव, जेवणाची जागा, सोबत जेवताना येणारा ताण अशा गोष्टींविषयी प्रश्न आहेत. २०२० मधील एका ब्रिटिश अभ्यासात स्वमग्न स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या गेल्या, आणि अन्न तोडण्यामागे वजनाखेरीज किती कारणे असतात ते त्यांनीच सांगितले. अशा अभ्यासातून टक्केवारी मिळत नाही, नमुना लहान असतो, आणि येथे फक्त स्त्रियाच होत्या. पण पुढच्या प्रश्नावलीत काय विचारावे हे कळते. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात केट चंतुरिया यांच्या गटाने स्वमग्न रुग्णांसाठी उपचारांत बदल केले: जेवणाच्या खोलीतील गोंगाट आणि झगमगाट कमी केला, जेवणातही सौम्य चवीच्या पदार्थांचा पर्याय ठेवला.

आपल्या भागातील मनोविकारतज्ज्ञांनी हा धडा पूर्वीच दिला होता, हे नमूद करण्याजोगे आहे. १९९३ मध्ये हाँगकाँगचे सिंग ली व सहकाऱ्यांनी ७० रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी ४१ जणांत जाड होण्याची भीती नव्हतीच. १९९५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी पाच तरुणींची हकीकत प्रसिद्ध केली. त्या अन्न नाकारत होत्या, वजन घटले होते, परंतु स्वतःच्या शरीराविषयीची विकृत कल्पना त्यांच्यात आढळली नाही. त्या वेळी याकडे पूर्वेकडील अपवाद म्हणून पाहिले गेले. आज वाटते की तो अपवाद पट्टीतील दोषाची सूचना होती. अपवाद दिसला की आधी पट्टी तपासावी, हे प्रयोगशाळेत आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच.

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे, आणि या लेखावरून कोणी वर्गातील मुलांवर शिक्के मारू नयेत. पण मधल्या सुट्टीत डबा न उघडणारे मूल डॉक्टरच्या आधी शिक्षकाला दिसते. त्याला ‘डाएट करतेस का?’ किंवा ‘नखरे पुरे’ असे म्हटले, तर आपणही तीच अपुरी प्रश्नावली वापरत असतो. जेवताना काय त्रास होतो, कुठे बसून खायला बरे वाटते, कोणता पदार्थ चालतो, असे विचारून मुलाला त्याच्या शब्दांत उत्तर देऊ द्यावे. मूल वाळत असेल तर पालकांशी बोलून त्याला वेळ न दवडता डॉक्टरकडे पाठवावे, आणि त्याने दिलेली उत्तरे सोबत लिहून द्यावीत.