शोक आणि आशा : ‘यमुनापर्यटन’ ते ‘स्मृतिचित्रे’

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे परीक्षण बहुधा धर्मप्रचार आणि समाजसुधारणा या दोन अंगांनी झाले आहे. शोकाने खचलेल्या मनाला श्रद्धेने आशा कशी दिली, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. वास्तविक या वाङ्मयाच्या यशापयशाचे गमक याच प्रश्नात सापडण्यासारखे आहे.

बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा संमत झाल्याच्या पुढील वर्षी, प्रसिद्ध झाले. यमुना पतीसह प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते आणि ख्रिस्ती उपदेशाने त्यांचे सांत्वन करू पाहते. पुढे तिचाच पती अपघाताने मरण पावतो आणि ज्या दुःखाविषयी ती इतरांशी बोलत होती, ते तिच्या वाट्याला येते. कादंबरीच्या कसोटीचा क्षण हाच होय. परंतु लेखक तेथे फारसा थांबत नाही. यमुनेचा धर्मस्वीकार आणि पुनर्विवाह यांकडे कथानक त्वरेने वळते. विधवांच्या छळास वाचा फोडण्याचे कार्य या ग्रंथाने निःसंशय केले. मात्र त्यातील आशा युक्तिवादाचा निष्कर्ष म्हणून येते. शोक हा प्रश्न, श्रद्धा हे उत्तर, आणि उत्तर मिळताच प्रश्न मिटला, अशी ही मांडणी आहे.

अनुभव इतका सरळ नसतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ साली, भाऊ १८८० साली आणि पती १८८२ साली निवर्तले. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तथापि त्या वेळी मनास हवी ती शांती मिळाली नाही, ती पुढे काही वर्षांनी मिळाली, असे त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात स्पष्ट केले आहे. मत पटणे आणि मन सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या आत्मकथेत हेच अंतर दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळक मुंबईस ख्रिस्ती झाले. पती हयात असून अंतरल्याचा हा शोक. त्याला ना सुतक, ना श्राद्ध, ना रूढीने नेमून दिलेला कोणता विधी. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या काळाच्या कथनात साक्षात्काराचा लखलखाट केंद्रस्थानी नाही. आधी विरह, मग पतीकडे परतल्यावरही पाळलेले सोवळे, मग जातिभेद देवाने केला की माणसाने हा विचार, आणि शेवटी सोवळ्याचा त्याग, असा तो क्रम आहे. येथे आशा पायरीपायरीने येते, आणि प्रत्येक पायरी चूल, पाणी व पंगत यांच्या व्यवहारातून चढावी लागते.

‘स्मृतिचित्रे’तील विनोदाची समीक्षकांनी मुक्तकंठाने स्तुती केली आहे. हा विनोद लेखिकेच्या स्वभावाचा, श्रद्धेचा नव्हे, असा आक्षेप संभवतो, व तो अंशतः खराही आहे. कारण सोवळ्याच्या दिवसांकडे आणि ख्रिस्ती संसाराकडे त्या सारख्याच मिस्कीलपणे पाहतात. परंतु श्रद्धेने हा स्वभाव दडपला नाही, हेच येथे महत्त्वाचे आहे. यमुना दुःखितांना उपदेश करते. लक्ष्मीबाई स्वतःच्या दुःखाची कथा सांगतात आणि निष्कर्ष वाचकावर सोपवतात. त्यामुळे ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही ते सांत्वन परके वाटत नाही.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. जिला लिहिणे-वाचणे विवाहानंतर शिकावे लागले, त्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. त्याचा बराच मोठा भाग त्यांचाच आहे. १९३६ साली त्याही गेल्या आणि १९३८ साली काव्य प्रसिद्ध झाले. काव्य म्हणून त्याचे मूल्य काहीही ठरो. गेलेल्या माणसाचे अर्धे राहिलेले काम हाती घेणे, हे आशेचे रूप कोणत्याही उपदेशाहून अधिक विश्वसनीय आहे.