प्रयोगशाळेचा निष्कर्ष आणि मोबाइल अ‍ॅप : एक परीक्षण

प्रयोगशाळेचा निष्कर्ष त्वरित पोचला की रुग्णसेवा सुधारली, असे समीकरण मोबाइल अ‍ॅपची रचना करताना पुष्कळदा गृहीत धरले जाते. ते कितपत ग्राह्य आहे, हे लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात २०१७ पासून वापरल्या गेलेल्या ‘स्ट्रीम्स’ या अ‍ॅपच्या उदाहरणावरून तपासता येते.

डीपमाइंड कंपनीने तयार केलेले हे अ‍ॅप मूत्रपिंडाचे कार्य एकाएकी बिघडल्याची सूचना देत असे. रक्तातील क्रिएटिनिनचे नवे प्रमाण रुग्णाच्या पूर्वीच्या प्रमाणाशी ताडून पाहावयाचे आणि वाढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास तज्ज्ञास इशारा द्यावयाचा, ही त्याची पद्धती. तीत मर्मदृष्टी आहे, यात शंका नाही. लिटरला ११० मायक्रोमोल हे प्रमाण एखाद्याच्या बाबतीत नित्याचे असेल. ज्याचे प्रमाण एरवी ६० असते, त्याच्या बाबतीत तेच धोक्याचे चिन्ह होय. सुट्या आकड्याला पूर्वेतिहासाची जोड देणे, हा या रचनेचा खरा गुण.

परंतु याच गुणातून तिचे वैगुण्यही उद्भवले. पूर्वेतिहास हवा म्हणून सुमारे १६ लाख रुग्णांची माहिती कंपनीच्या हाती गेली. रुग्णांना याची पुरेशी कल्पना नव्हती आणि चाचणीसाठी एवढ्या माहितीची आवश्यकता सिद्ध झालेली नाही, असा निर्णय ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी २०१७ मध्ये रुग्णालयाविरुद्ध दिला.

फलश्रुतीचा विचारही असाच सावधपणे करावा लागतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार विकार ओळखण्यास लागणारा वेळ निश्चित कमी झाला. मूत्रपिंडाचे कार्य पूर्ववत् होण्याच्या प्रमाणात मात्र एकदम पालट झाला नाही. कालांतराने दिसलेली सुधारणाही, अ‍ॅप नसलेल्या रुग्णालयाशी तुलना करता, निर्णायक ठरली नाही. शिवाय अ‍ॅपच्या जोडीला तज्ज्ञांचे पथक आणि उपचारांचा निश्चित क्रम होता. तेव्हा वाचलेल्या वेळाचे श्रेयही एकट्या अ‍ॅपला देणे सयुक्तिक नव्हे.

निष्कर्ष पोचणे आणि त्याची जबाबदारी कोणी तरी स्वीकारणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली यंत्राच्या आटोक्यातील आहे. दुसरी रुग्णालयाच्या व्यवस्थेतूनच सिद्ध होते. स्ट्रीम्स मागे घेण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला. तथापि त्यापासून घ्यावयाचा धडा शिळा होत नाही : इशाऱ्याला उत्तर कोणी द्यावयाचे, हे ठरल्यावाचून पडद्याची आखणी आरंभू नये.