स्वाक्षरी आणि नाममुद्रा

कलावंत जातो आणि त्याच्या हातचा कागद मागे उरतो. त्या कागदाविषयी रसिकाला वाटणारी ओढ केवळ कुतूहलाची नसते. तीत कृतज्ञता असते, थोडी मालकीची हावही असते, आणि कलानिर्मितीच्या गूढाला निदान बोट तरी लावता यावे अशी एक आर्त इच्छा असते. युरोपातील अभिजात संगीताच्या आणि ऑपेराच्या क्षेत्रात या इच्छेतून स्वाक्षऱ्या, हस्तलिखिते, पत्रे, छायाचित्रे आणि प्रयोगपत्रके यांच्या संग्रहाची एक स्वतंत्र विद्याच उभी राहिली. मराठी रसिकही संग्राहक आहे. परंतु त्याच्या संग्रहामागील तत्त्वाचा विचार मराठी समीक्षेने फारसा केलेला नाही. जे संगीत मुळात कागदावर जन्मत नाही, त्याच्या कर्त्याची स्वाक्षरी शोधायची कोठे, हा त्या विचारातील पहिला प्रश्न होय.

युरोपच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या ऑपेराचे मूळ हस्तलिखित विख्यात गायिका पॉलिन व्हियार्दो हिने १८५५ साली लंडनमध्ये विकत घेतले आणि पुढे ते पॅरिसच्या संगीतविद्यालयाला देऊन टाकले. चायकॉव्हस्कीने १८८६ साली तिच्याकडे जाऊन ते पाहिले, तेव्हा त्याची भावना देवदर्शनाची होती. परंतु या भक्तीला एक भक्कम अधिष्ठान होते. त्या पानांवर कृती स्वतःच होती. खोडलेला स्वर, बदललेली जागा, घाईने टाकलेली रेघ यांतून रचनेची घडण वाचता येत होती. स्टेफान झ्वाइग या ऑस्ट्रियन साहित्यिकाने आयुष्यभर हस्तलिखिते जमवली, ती याच श्रद्धेने. मोझार्टने स्वहस्ते लिहिलेली आपल्या रचनांची सूची त्याच्या संग्रहात होती, आणि त्याच्या वारसांनी १९८६ साली हा संग्रह ब्रिटिश लायब्ररीला अर्पण केला. निर्मितीचा क्षण कागदावर पकडता येतो, असा झ्वाइगचा विश्वास होता. आणि ज्या संगीतात रचनाकार लिहितो व इतर वाजवतात, त्या संगीतापुरता तो विश्वास रास्त आहे.

हा युरोपीय संग्रहधर्म भारतीय भूमीवर आला तेव्हा त्याचे काय झाले, हे पाहण्यासाठी आनेकलसारखे ठिकाण सोयीचे आहे. बंगळूरच्या आग्नेयेस असलेल्या या तालुक्यात, अत्तिबेले येथे, कर्नाटकाची हद्द संपून तमिळ प्रदेश सुरू होतो. शहाजीराजांची जहागीर ज्या बंगळुरास होती ते शहर याच्या एका अंगाला. त्यांचे पुत्र एकोजी यांनी १६७५च्या सुमारास जेथे मराठ्यांचे राज्य स्थापले ते तंजावर दूर दुसऱ्या अंगाला. आणि पश्चिमेस म्हैसूर, ज्या संस्थानाचा आनेकल हा दीर्घकाळ भाग होता. पाश्चात्त्य संगीताचा संग्रह करणारे दोन राजे या दोन राजधान्यांत होऊन गेले, आणि दोघांच्याही संग्रहातून एकच गोष्ट निरनिराळ्या रीतीने प्रकट होते.

पहिले तंजावरचे दुसरे सरफोजी. १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत सरस्वती महाल ग्रंथालयात इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आदी भाषांतील हजारो पुस्तके आली आणि त्यांच्याबरोबर युरोपीय संगीताच्या स्वरलिपीचे कागदही आले. दरबारात युरोपीय वाद्ये होती, वाद्यवृंद होता. या ग्रंथांपैकी पुष्कळांवर सरफोजींची स्वतःची स्वाक्षरी आहे. ही स्वाक्षरी रचनाकाराची नाही, वाचकाची आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोणा युरोपीय संगीतकाराचा हस्तस्पर्श मिळवण्याची धडपड येथे दिसत नाही. येथे एक मराठी राजा परक्या विद्येच्या पानावर आपले नाव घालून ‘हे येथे वाचले गेले’ असे जणू नोंदवून ठेवतो. ज्या राजाच्या नावावर पृथ्वीच्या भूगोलाचे वर्णन करणारी ‘देवेंद्र कुरवंजी’ ही मराठी रचना आहे, त्याच्या संग्रहवृत्तीत ज्ञान आधी आणि अवशेष नंतर असावेत, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

दुसरे म्हैसूरचे जयचामराज वोडेयर. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह सुमारे २०,००० तबकड्यांचा होता, असे सांगितले जाते. रशियन संगीतकार निकोलाय मेट्नर याच्या रचना त्याच्याच वादनासह ध्वनिमुद्रित व्हाव्यात म्हणून त्यांनी द्रव्यसाहाय्य केले, आणि मेट्नरने आपली तिसरी पियानो कन्चेर्तो त्यांना अर्पण केली. रिचर्ड स्ट्राउस १९४९ साली वारला. त्याच्या अखेरच्या चार गीतांचे पहिले गायन २२ मे १९५० रोजी लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये कर्स्टन फ्लॅगस्टॅट हिने केले. वाद्यवृंदाचे संचालन विल्हेल्म फुर्टव्हेंग्लर याचे होते. हा प्रयोग ध्वनिमुद्रित होऊन आपल्या संग्रही यावा यासाठी महाराजांनी ४,८०० डॉलरांची हमी दिली होती. येथे संग्राहक केवळ वेचणारा राहत नाही. जे हरवले असते ते तो अस्तित्वात राखतो. आणि राखतो ते काय? कागद नव्हे, नाद.

याच महाराजांनी स्वतः कर्नाटक संगीतात ९४ कृती रचल्या. त्या कृतींत त्यांचे नाव नाही. ‘श्रीविद्या’ ही मुद्रा आहे. एकाच व्यक्तीच्या ठायी दोन परंपरांची ही गाठ विलक्षण बोलकी आहे. पाश्चात्त्य रचनाकारांच्या नावांना एवढा मान देणारा रसिक आपल्या परंपरेत रचना करू लागताच आपले नाव मागे घेतो आणि उपास्य देवतेचे नाव पुढे करतो. भारतीय संगीताची स्वाक्षरी ती हीच. पुरंदरदासांच्या पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ येतो, मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृतींत ‘गुरुगुह’ येतो. मराठी वाचकाला तर हे समजावून सांगण्याचे कारणच नाही. तुकोबा, नामदेव, जनाबाई यांची नावे अभंगाच्या शेवटच्या चरणात ऐकतच त्याचा कान घडलेला असतो. हिंदुस्थानी ख्यालात नियामतखाँ ‘सदारंग’ होतो, फैयाजखाँ ‘प्रेमपिया’ होतात, पंडित भातखंडे ‘चतुर’ होतात आणि जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ होतात.

स्वाक्षरी आणि नाममुद्रा यांतील भेद वरवरचा नाही. स्वाक्षरी हाताची असते, म्हणून ती एकदाच घडते आणि एकाच कागदावर राहते. तिचे मोल तिच्या एकटेपणात आहे. नाममुद्रा गळ्याची असते. जो जो गातो तो तो ती पुन्हा उमटवतो, आणि जितक्या कंठांतून ती जाते तितकी ती अधिक खरी होते. स्वाक्षरी विकता येते, पेटीत ठेवता येते. नाममुद्रा जवळ बाळगण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे ती चीज शिकणे. या अर्थाने घराण्याचा शिष्य हाच भारतीय संगीतातील आद्य संग्राहक ठरतो.

येथवर येऊन थांबणे मात्र आत्मसंतुष्टपणाचे होईल. नाममुद्रा हा पुरावा नव्हे, ही गोष्ट परंपरेच्या अभिमान्यांना सोयीस्करपणे विसरता येते. ‘सदारंग’ हे नाव असलेल्या साऱ्याच चिजा नियामतखाँच्या आहेत असे कोणी जाणकार मानणार नाही. आणि तुकोबांच्या नावावर चढलेल्या प्रक्षिप्त अभंगांचा वाद मराठी संशोधनात जुनाच आहे. जी खूण कोणीही उमटवू शकतो, ती कोणाचीही असू शकते. कंठपरंपरेची उदारता आणि तिची बेपर्वाई ही एकाच झाडाची फळे होत. म्हणूनच पं. भातखंडे यांनी १९०४ साली दक्षिणेची यात्रा केली, एट्टयापुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट घेतली, जुने ग्रंथ मिळवले आणि उत्तरेतील उस्तादांच्या चिजा स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तकमालिके’त छापल्या. स्वरलिपीत गाण्याचा सांगाडाच येतो, हा त्यांच्यावरील आक्षेप खोटा नाही. परंतु ज्या चिजांचा सांगाडाही राहिला नाही, त्यांच्याविषयी आज वादसुद्धा घालता येत नाही.

हात आणि गळा यांच्यामध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी एक तिसरी वस्तू आली, ती म्हणजे ध्वनिमुद्रिका. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान हिचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या कित्येक तबकड्यांच्या शेवटी गायिका आपले नाव मोठ्याने उच्चारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत आणि तेथील कारागिरांना नावाची चिठ्ठी बरोबर लावता यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण परिणाम पाहिला तर स्वाक्षरी आणि नाममुद्रा यांचा तेथे संगम झालेला दिसतो: नाव गळ्यातून आलेले, आणि तरीही त्या एका क्षणापुरते, दुसऱ्या कोणालाही उमटवता न येणारे. मराठी संग्राहकाने तबकडीला स्वाक्षरीहून अधिक जपले, यात त्याची रसिकता दिसते.

जे या यंत्रापासून दूर राहिले, त्यांच्या बाबतीत काय उरले? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचा आवाज कोणत्याही तबकडीवर नाही. परंतु १९१६ सालच्या ‘संगीत स्वयंवर’ची पदे बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांत ऐकताना जो चाल ऐकतो, तो बुवांनाच ऐकत असतो. अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात असूनही तबकडीपासून दूर राहिले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गायकीतून त्यांच्याकडे वळून पाहावे लागते. त्यांनी आपल्या नातवाला सांगितलेल्या आत्मकथेचे महत्त्व यामुळेच वाढते. आवाज गेल्यावर कागद बोलका होतो. मात्र तो आवाजाच्या जागी बसत नाही, आवाजाची वाट दाखवतो.

मराठी संगीत रंगभूमी ही युरोपीय ऑपेराची निकटची बहीण म्हणावी लागेल, आणि तिच्याच बाबतीत संग्राहकाची कसोटी लागते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर एका रंगमंचावर आले, आणि तीनच महिन्यांत केशवराव कालवश झाले. कर्ण्यासमोर उभे राहून तीन मिनिटे गाण्याचा तो जमाना. रंगमंचावरचा सबंध प्रयोग मुद्रित करणे शक्यच नव्हते. म्हणून त्या रात्रीचे जे काही आहे ते जाहिरातींत, छायाचित्रांत, आणि आठवणींत आहे. अशा वेळी पदांचे जीर्ण पुस्तक किंवा तिकिटाचा तुकडा यांना मोल येते. परंतु हे मोल साक्षीचे आहे. बालगंधर्वांचा शालू काचेत मांडून त्यांच्या लयीविषयी एक शब्दही न सांगणारे दालन साक्ष देत नाही, नवस फेडते. मराठी माणसाच्या बालगंधर्वप्रेमात या दुसऱ्या प्रकाराचा अंश बराच मोठा आहे, हे सांगितलेच पाहिजे.

स्मृतिवस्तूंची नश्वरताही विसरून चालणार नाही. कोल्हापुरात १९१५ साली पुरे झालेले आणि पुढे केशवराव भोसल्यांचे नाव लाभलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री आगीत सापडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. इमारत पुन्हा बांधता येते. तिच्यात घुमलेला नाद कोणता, याची नोंद आधी झालेली नसेल तर मात्र राखेतून काहीच निघत नाही.

नोंद हाच संग्राहकाचा खरा धर्म. पुण्याचे दिनकर केळकर यांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवण्यास प्रारंभ केला, अल्पवयात गेलेल्या पुत्राचे नाव संग्रहालयास दिले आणि १९७५ साली ते सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथील वाद्यांचे दालन त्यांच्या डोळसपणाची खूण आहे. या संग्राहकाने कविता लिहिल्या त्या ‘अज्ञातवासी’ या नावाने. आपली स्वाक्षरी लपवून इतरांच्या खुणा राखणारा हा माणूस नाममुद्रेच्या परंपरेतलाच होता. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने तबकड्या एकत्र ऐकण्याचा आणि त्यांच्याविषयी लिहिण्याचा प्रघात पाडला. मायकेल किनिअर याने १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची सिद्ध केली आणि ती १९९४ साली मुंबईस प्रसिद्ध झाली. अशा सूचीत रस नसतो असे साहित्यिकांना वाटते. परंतु कोणते गाणे, कोणी, कोठे, केव्हा गायिले, हे ठरल्यावाचून रसाची चर्चा अधांतरी राहते. बंगळुरात २०१९ साली उघडलेल्या ‘इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स’ या संग्रहालयात वस्तूच्या सोबतीस ध्वनी ठेवला आहे. दिशा योग्य आहे.

तेव्हा मराठीपुढचा प्रश्न नवी संग्रहालये किती उभारावीत हा नसून, घराघरांतील ट्रंकांमध्ये असलेल्या तबकड्या, पत्रे, चिजांच्या वह्या आणि पदांची पुस्तके यांची सूची कोण करणार, हा आहे. वारसांची पिढी बदलली की वही रद्दीत जाते आणि तबकडी मोडीत. वस्तूची मालकी घरच्यांकडेच राहू द्यावी. तिची नोंद विद्यापीठांनी आणि अकादमींनी करावी. चिजेच्या वहीत कोणाचे अक्षर आहे आणि ती कोणाकडून कोणाकडे आली, एवढे जरी लिहून ठेवले, तरी ‘सदारंग’ या नावाखाली दडलेला एखादा अनाम रचनाकार हाती लागेल. नाममुद्रा गाते, पण साक्ष देत नाही. स्वाक्षरी साक्ष देते, पण गात नाही. या दोघींना एकमेकींशेजारी ठेवणे हे संग्राहकाचे काम, आणि ते झाल्यावर ऐकणे हे समीक्षकाचे.